लष्करातील एक शिवणयंत्र आणि एक वही

ग्वाल्हेरच्या लष्करात जुन्या वाड्यांच्या गल्लीतून दुपारी दोन-अडीचच्या सुमारास जाऊ लागले, की पूर्वी एक आवाज हमखास कानी पडत असे. घरातील पुरुषमंडळी कचेरीत, मुले शाळेत, स्वयंपाकघर आवरलेले, आणि माजघरातून शिवणयंत्राची ती एका लयीतली खडखड. मध्येच ती थांबे, कातर चाले, आणि पुन्हा सुरू होई. आता तो आवाज दुर्मीळ झाला आहे. तयार कपड्यांची दुकाने बाड्यापासून पार कंपूपर्यंत पसरली, वाडे पडून तेथे मजले उभे राहिले, आणि घरोघरची शिवणयंत्रे प्रथम माळ्यावर आणि मग कबाड्याच्या गाडीवर गेली. परंतु दौलतगंजातील एका घरात हा आवाज अजून ऐकू येतो. त्या घराची आणि तेथील यंत्रांची हकिकत वाचकांना सांगावी, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्या नात्याने माझ्या काकू. वय चौऱ्याऐंशी. माहेर देवासचे. १९६१ साली लग्न होऊन त्या लष्करात आल्या, तेव्हा रुखवतात एक शिवणयंत्र होते. काळेभोर, हाताने फिरवायचे, वर लाकडी झाकण, आणि अंगावर सोनेरी रंगात काढलेले मिसर देशातील स्फिंक्सचे चित्र. सिंगर कंपनीचे हे यंत्र त्यांच्या आईचे. आईने देताना एवढेच सांगितले होते, "याला उपाशी ठेवू नकोस." म्हणजे तेल घालत जा.

घरात मात्र या पाहुण्याचे स्वागत फारसे उत्साहाने झाले नाही. सासरे जुन्या संस्थानी नोकरीतले. त्यांनी यंत्राकडे पाहिले आणि म्हणाले, "अगं, आमच्याकडे शिंपी येतो." तेवढ्यावर प्रश्न मिटला असे त्यांना वाटले असावे. पुढे काही महिन्यांनी सुनेने त्यांच्यासाठी रुईची बंडी शिवली. ग्वाल्हेरची थंडी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या बंडीचे मोल सांगायला नको. सासऱ्यांनी ती अंगात घातली, आरशासमोर उभे राहिले, आणि शिवणाला परवानगी मिळाली. मात्र एका अटीवर. "हौस म्हणून शीव. पण आपल्या घरात शिवणाचे पैसे घेत नाहीत."

ही अट काकूंनी जवळजवळ साठ वर्षे पाळली.

वास्तविक शिवणकाम आणि हे शहर यांचा संबंध नवा नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली, तीच आपली लष्कर. छावणी म्हटली की तंबू आले, कनाती आल्या, घोड्यांच्या झुली आणि शिपायांचे अंगरखे आले. आणि हे सारे शिवणारे हात आले. टोपी बाजार हे नाव आजही त्या काळाची आठवण देते. पुढे माधव महाराजांच्या कारकिर्दीत, १९२१ साली, बिर्लांची जियाजीराव कॉटन मिल्स उभी राहिली. आपण तिला जे. सी. मिल म्हणत आलो. तिचे तागे घरोघर आले. काकूंच्या हातून गेलेल्या कापडात या गिरणीचे कापड किती होते, याचा हिशोब करणे अवघड. गिरणी बंद पडून आता तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. पण तिच्या कापडाची एक चौकट काकूंच्या गोधडीत अजून शाबूत आहे.

मग प्रश्न उरतो तो असा, की कापड गावचे, शिवणारे हात गावचे, आणि तरी सुखवस्तू घरातील बाईने शिवणाचे पैसे घेणे कमीपणाचे का मानले गेले? याचे कारण आपल्या समाजाच्या इतिहासात सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्याकडे स्त्रियांच्या संस्था निघाल्या, त्यांनी निराधार स्त्रियांच्या हाती कसब देण्याचे मोठे काम केले. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन काढले, तेथे शिवणाचे शिक्षण मिळू लागले. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनातही हातकामे शिकवली जात. या संस्थांनी किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या असतील! परंतु त्याचा एक विपरीत अर्थ लोकांनी काढला. शिवून पैसे मिळवते ती अडचणीतली बाई, असे समीकरण रूढ झाले. ज्या घरात कर्ता पुरुष होता, त्या घराने ते समीकरण आपल्याला लागू होऊ दिले नाही. तेथे यंत्र आले ते 'हौस' या नावाने.

हौस हा शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात कौतुक आहे, आणि मोबदला नाही.

सासरे वाईट नव्हते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, आणि अनेक घरांप्रमाणे त्या घरातही दिमाख उरला, मिळकत आटली. अशा वेळी माणूस अब्रूला अधिक घट्ट धरून बसतो. गंमत अशी, की त्याच तंगीच्या दिवसांत घराची खरी बचत यंत्रावर होत होती. तीन मुलांचे झबल्यापासून शाळेच्या गणवेशापर्यंतचे कपडे, नणंदांचे परकर-पोलके, उशांचे अभ्रे, पडदे, जुन्या लुगड्यांची दुपटी, गणपतीच्या मखराची झालर. बाहेर शिवायला टाकले असते तर किती लागले असते, याची बेरीज कोणी केली नाही. घरखर्चाच्या वहीत शिंप्याचे नाव लागत नव्हते, एवढेच.

काकूंनी मात्र एक वही ठेवली. यंत्राच्या खणात ती असे. लाल कापडी बांधणीची, तिचे रकाने काकूंनी स्वतः आखलेले: तारीख, कोणासाठी, काय शिवले, मापे, आणि शेवटचा रकाना 'मिळाले'. हा शेवटचा रकाना मी प्रथम वाचला तेव्हा हसू आले. नारळ. खण. पेढे. एक डझन काचेच्या बांगड्या. "सुरेख झाले म्हणाल्या." आणि काही ठिकाणी स्वच्छ अक्षरात, "काही नाही." एका ओळीसमोर लिहिले आहे, "कापड उरले ते परत मागितले." वही एकीच्या चार झाल्या. केवळ बाळंतविड्यांचाच आकडा दोनशेच्या पुढे गेला आहे. झबली, टोपडी, कुंची, दुपटे आणि छोटी गोधडी असा पूर्ण संच. लष्करातील कितीतरी मुले काकूंच्या कुंचीत पहिल्या थंडीला सामोरी गेली, आणि त्यांपैकी काहींची नातवंडेही.

यंत्राच्या बाबतीत काकूंचे प्रेम डोळस आहे. त्यांच्या सिंगरमध्ये आजच्यासारखी गोल बॉबिन नाही. लांबट होडी आहे, आणि ती खरोखर होडीसारखीच पुढे-मागे हेलकावते. एकदा झाकण सरकवून त्यांनी मला ते सारे समजावले. हाताने शिवायच्या सुईचे नेढे मागे असते, यंत्राच्या सुईचे टोकाशी. सुई कापडाखाली गेली की तिच्या दोऱ्याचा एक फास होतो. त्या फासातून होडी आपला दोरा घेऊन निघून जाते. सुई वर येते, दोन्ही दोरे कापडाच्या पोटात एकमेकांना धरतात, आणि टीप पडते. "वरचा दोरा आणि खालचा दोरा, दोघांचा ताण सारखा हवा," काकू म्हणाल्या. "कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ दिसली, तर लोक खालचा दोरा तपासत बसतात. दोष बहुतेक वरच्याचा असतो."

दुसरे यंत्र पायाचे, उषा. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कंपनीची ही यंत्रे १९३०च्या दशकात निघाली आणि स्वातंत्र्यानंतर देशभर घरोघर पोचली. काकूंचे यंत्र १९६७च्या मेळ्यातले. माधव महाराजांनी १९०५ साली सुरू केलेल्या आपल्या मेळ्यात तेव्हा लोक झुल्यात बसायला जात, तसेच वर्षाची मोठी खरेदी करायलाही जात. काका महालेखाकार कार्यालयात नोकरीला. त्यांनी पगारातून पैसे साठवले आणि मेळ्यातून यंत्र टांग्यात घालून आणले. सासऱ्यांनी विचारले, "एक असताना दुसरे कशाला?" काका म्हणाले, "हिचे दोन्ही हात मोकळे राहतील." हातमशीन चालवताना उजवा हात चाकावर अडकतो, कापड सांभाळायला डावाच उरतो. पायमशीनला दोन्ही हात कापडावर. नवऱ्याने बायकोच्या कामाकडे इतके नीट पाहिले होते, हे सांगताना काकू आजही किंचित लाजतात.

शिवणयंत्राच्या जन्माशी अशीच एक कथा जोडलेली आहे. १९२४ साली रामचंद्रन या तरुणाने गांधीजींना विचारले, की आपण सर्वच यंत्रांच्या विरुद्ध आहात काय? गांधीजींनी अपवाद म्हणून नाव घेतले ते सिंगरच्या शिवणयंत्राचे. बायको हाताने शिवता शिवता कष्टते आहे हे सिंगरला पाहवेना, म्हणून प्रेमापोटी त्याने हे यंत्र तयार केले, अशी त्यांची समजूत होती. यंत्रामागे लोभ नसून माया असेल तर ते स्वागतार्ह, हा त्यांचा मुद्दा.

इतिहास पाहू गेले तर ही कथा सिंगरला शोभत नाही. आयझॅक सिंगर हा मूळचा नट. त्याचे संसार एकाहून अधिक, मुले वीसहून अधिक. १८५१ साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच्या कंपनीने १८५६च्या सुमारास हप्त्याने यंत्र विकण्याची युक्ती काढली. तीमुळे ते साध्या घरात शिरले. त्याआधी, १८४६ साली, दोन दोऱ्यांच्या टिपेचे पेटंट इलायस हौ याने घेतले होते. हा गरीब कारागीर. तो आजारी असताना त्याची बायको लोकांचे शिवण शिवून घर चालवी, आणि तिचे हात पाहता पाहता त्याला यंत्राची कल्पना सुचली, असे सांगतात. पुढे कज्जे जिंकून हौ श्रीमंत झाला. पण ते पाहायला ती बिचारी राहिली नव्हती. त्याहीपूर्वी फ्रान्समध्ये तिमोनिए नावाच्या शिंप्याने यंत्र करून त्यावर सैन्याचे गणवेश शिवायला घेतले, तर १८३१ साली पॅरिसच्या शिंप्यांनी पोट जाईल या भीतीने त्याची यंत्रे मोडून टाकली.

ही सगळी हकिकत मी काकूंना सांगितली. त्या ऐकत होत्या, हात चालूच होता. मग म्हणाल्या, "बायकोचे कष्ट वाचावे म्हणून यंत्र केलं, आणि तिलाच त्याच्यापुढे बसवलं!" काका कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "अगं, मी तेल तरी घालतो." यावर काही उत्तर नव्हते, कारण ते खरे होते.

काकांचे यंत्रवेड काकूंच्या मागोमाग आले. हिशोबनीसाच्या मनाला यंत्राची शिस्त भावली असावी. सिंगर यंत्रावरील क्रमांकाच्या आधी जी अक्षरे असतात, त्यांवरून ते कोणत्या कारखान्यात आणि कोणत्या काळात झाले हे कळते, याचा त्यांनी शोध लावला. त्यांचे यंत्र स्कॉटलंडमधील क्लाइडबँकचे निघाले. तो प्रचंड कारखाना १९८० साली बंद पडला. त्याचे हे लेकरू दौलतगंजात नांदते आहे. काकांनी मुंबईहून झारापकरांचे कापणीचे पुस्तक आणून दिले, आणि आपल्यासाठी एक छोटा पेचकस. खोबरेल किंवा गोडे तेल यंत्रात घालू नये, ते वाळून चिकट होते आणि सांधे धरतात. यंत्राचे पातळ तेलच हवे. लूच्या दिवसांत धूळ आत शिरते, म्हणून रोज झाकण घालावे. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा सैल पडला तर तो किंचित कापून पुन्हा जोडावा. ही सूत्रे ते नातवंडांना पाढ्यांसारखी म्हणून दाखवीत.

पंधराएक वर्षांपूर्वी काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शस्त्रक्रिया झाली, दृष्टी आली. पण सुईचे नेढे काही स्पष्ट दिसेना. तेव्हापासून सकाळी चहा झाला की काका दोन्ही यंत्रांत दोरा ओवून ठेवतात. दोरा तुटला की काकू फक्त "अहो" म्हणतात. शेजारच्या खोलीतून काका येतात, चष्मा कपाळावर सरकवतात, दोरा ओठांत धरून टोकदार करतात, ओवतात, आणि परत जाऊन वाचायला बसतात. दिवसातून असे किती वेळा होते ते दोघांनीही मोजलेले नाही. एकदा काका आठ दिवस दवाखान्यात होते. यंत्रात दोरा ओवून द्यायला सून होती, नातू होता. तरी त्या आठ दिवसांत वहीत एकही नोंद नाही.

आता या हकिकतीतील शेवटची गोष्ट. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. काकूंची सून एका खासगी शाळेत शिकवीत असे; ती नोकरी गेली. मुलाचा व्यवसायही थंडावला. सगळीकडे मुखपट्ट्यांची मागणी होती आणि बाजार बंद. काकूंनी जुने सुती तागे काढले. सासू-सुना दोन यंत्रांवर बसल्या, काका दोरा ओवू लागले. आधी गल्लीत वाटल्या. मग पलीकडच्या औषधाच्या दुकानदाराने पन्नास मागितल्या आणि किंमत विचारली.

सुनेने काकूंकडे पाहिले. भिंतीवर सासऱ्यांची तसबीर होती, अंगात तीच रुईची बंडी. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "दहा रुपये एकीचे सांग. कापड आपलं आहे."

वहीत त्या दिवशीची नोंद आहे. "मुखपट्ट्या, पन्नास. औषधाचे दुकान. मिळाले: रु. ५००." एकोणसाठ वर्षांत त्या रकान्यात आलेला हा पहिला आकडा. त्याच्याखाली कसलीही टीप नाही, उद्गारचिन्ह नाही. पुढची ओळ एका दुपट्याची आहे, आणि समोर नेहमीप्रमाणे "पेढे".

टाळेबंदी उठली, शाळेची नोकरी काही परत मिळाली नाही. आज त्या घराच्या दारावर एक छोटी पाटी आहे: येथे ब्लाउज शिवून मिळतील. सुनेने दर लिहून ठेवले आहेत आणि ती त्यात घासाघीस चालू देत नाही. बाळंतविड्याचे मात्र काकू अजून पैसे घेत नाहीत. मी कारण विचारले. "ती माझी हौस आहे," त्या म्हणाल्या. जो शब्द त्यांना अट म्हणून मिळाला होता, तो आता त्या स्वतःच्या मर्जीने वापरतात. एवढा फरक पडायला सहा दशके लागली.

मध्यंतरी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी आला होता. हल्ली हॉटेलांतून अशी यंत्रे शोभेसाठी मांडतात, पायमशीनच्या बिडाच्या पायांवर काच ठेवून टेबले करतात. त्याने सिंगरला चांगली किंमत देऊ केली. "चालते का हो हे?" असे त्याने विचारले मात्र, काकूंनी उत्तरादाखल चाक फिरवले आणि चिंधीवर वीतभर टीप मारून त्याच्या हाती दिली. तो ती चिंधी घेऊन गेला.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर असे एखादे यंत्र पडून असेल. ते विकू नये असे मी म्हणत नाही. जागा सर्वांनाच कमी पडते. परंतु विकण्यापूर्वी ते ज्या बाईचे होते, तिने त्यावर काय काय शिवले याची एकदा आठवण काढावी, आणि ती हयात असेल तर तिलाच विचारावे. काकूंसारखी वही प्रत्येकीने ठेवलेली नसते. मग 'मिळाले' या रकान्यात काय लिहायचे ते आपल्यालाच ठरवावे लागेल.